शेवटचे साडेतीन फेरे

दोनशे फेऱ्यांपर्यंत माझं गणित नीट चालतं.
दोन कृष्णविवरं, तीस-तीस सूर्यांच्या वजनाची,
स्वतःभोवती न फिरणारी, फक्त एकमेकांभोवती;
दर फेऱ्याला थोडी शक्ती लहरींच्या हवाली करत
थोडी अधिक जवळ.
इथवर कागद पुरतो. पदामागून पद जोडत जायचं,
प्रत्येक पुढचं आधीच्यापेक्षा लांब,
पाचव्यासाठी तर वही आडवी धरावी लागते.

मग शेवटचे साडेतीन फेरे.
तिथे कागद संपतो.
सांकवाळच्या पठारावर, जांभ्या दगडाच्या इमारतीत,
तळमजल्यावर सोळा सर्व्हर अवकाशाचे चौकोन कातरत बसतात
आणि अकरा दिवसांनी देतात लहरीचा वीतभर तुकडा:
चढत गेलेला, एकदम शिगेला, मग थरथरत सपाट.
माझं काम शिवणाचं.
कागदाची लहर आणि यंत्राची लहर
अशी जोडायची की टाका दिसू नये.

टाका दिसत होता. ऑक्टोबरपासून.
त्या शेवटच्या थरथरीत
माझी लहर यंत्राच्या आधी विझायची,
जरासंच आधी,
डोळ्यांना वाटावं की पडदाच पुसायला झालाय.
खिडकीतून झुआरी दिसायची, नांगर टाकलेली जहाजं.
दाबोळीला उतरणारं विमान काच हलवून जायचं.
मामी विचारायची, कुणाला लागतं गं हे?
मी सांगायची, परदेशात चार-चार किलोमीटर लांबीचे कान आहेत,
त्यांना आधी सांगून ठेवावं लागतं, काय ऐकायचं ते.
म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखंच.
नाही, मामी.
(थोडंफार.)

आमचे सर्व्हर कॉस्मे सांभाळतो.
त्याला मांड्याच्या स्पर्धेसाठी घुमट हवं होतं.
म्हणाला, चल डिचोलीला,
तुझं अकरा दिवसांचं रांधप चुलीवर आहे तोवर.

सगुण कुंभाराच्या पडवीत
कातडं न चढवलेली घुमटं ओळीने पालथी.
कॉस्मे एकेक उचलून टिचकी मारायचा,
हा वरचा, हा खालचा,
सुरातलं फार कळतं असा चेहरा करून.
म्हातारा भट्टीकडे बघतच म्हणाला,
"आवाज आयकूं नाका. तो केन्ना मरता तें आयक."
मग स्वतः एक उचललं, नखाने वाजवलं,
आणि आम्ही तिघं गप्प.
मध्येच खनिजाचा ट्रक गेला.
पुन्हा वाजवलं.
बारीक तडा असला तरी सूर कधी कधी बरोबर लागतो, म्हणाला,
विझताना मात्र अडखळतो.

बाणस्तारीच्या पुलावर मला ते शून्य आठवलं.

नवं झालेलं विवर किती वेळ वाजेल, ते ठरवणाऱ्या ओळीत
कुठल्याशा जुन्या चाचणीतून राहून गेलेलं:
फिरकी बरोबर शून्य.
सुराच्या ओळीत मी ते बदललं होतं.
विझण्याच्या ओळीत नाही.
दोघं स्वतःभोवती फिरत नव्हती, खरं आहे.
पण एकमेकांभोवती फिरण्यातलं जे उरलं
ते जाणार कुठे?
दोघांचं मिळून झालेलं ते एकटं
गरगरतच जन्माला येतं,
शून्य पूर्णांक एकोणसत्तर.
हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर शिकवलंय.
कॉस्मेला काही बोलले नाही. मांडीवर घुमट धरून बसले होते,
खड्डा आला की ते आपोआप गुणगुणायचं.

रात्री आकडा बदलला.
टाका गेला. म्हणजे जवळजवळ;
दहा हजारांत सात अजून चुकतात,
आणि लांबट वाटेने फिरणाऱ्या जोड्यांना तर
मी हातच लावलेला नाही.

कॉस्मेने घुमटाला बकऱ्याचं कातडं बांधलंय.
(घोरपडीचं आता चालत नाही. चालू नयेच, सगुण म्हणाला.)
सुकायला ठेवलंय तळमजल्यावर,
सर्व्हरच्या पाठीमागच्या गरम वाऱ्यात,
नियमांच्या पाटीखालीच.
येता-जाता मी नख मारून बघते.
ओलं आहे अजून. लगेच मरतं.